नसीमचे वरचे चार दात

३ नोव्हेंबर, सोमवार

आज दिवसभरात दूधवाल्याला "अर्धाच दे" म्हटलं, तेवढंच बोलणं. दुपारी ते लक्षात आलं तेव्हा मुद्दाम मोठ्यानं "हॅलो, अमरावती" म्हणून पाहिलं. आवाज फाटका निघाला. घसा खाकरावा लागला. नोकरीत हेच दोन शब्द दिवसभर तोंडात असायचे. मी अकोल्याच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर, नसीम अमरावतीच्या. तिचं तोंड पाहण्याआधी कितीतरी दिवस तिचा आवाज ओळखत होते. लोकांचे कॉल जोडून देता देता आमचाच जोडला गेला.

वहीत तिला नेहमी नुसतं 'न.' लिहिते. आज पूर्ण लिहावंसं वाटलं.

रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी तिचा फोन. "काय वं विमल, जेवली का?" मी म्हणायची, "जेवतो आता, तू काय केलं?" मग वांग्याच्या भाजीवर अर्धा तास. तिला झटका आला त्याला महिना होत आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आयसीयूत होती तेव्हा एकदा जाऊन काचेतून पाहून आले. नंतर मलाच ताप. हिरडी सुजली, गाल फुगला. अजून अमरावतीला जाणं झालेलं नाही.

परवा इम्रानचा फोन होता, तिच्या मुलाचा. "अम्मीले घरी आनलं, खाला. नाकात नळी हाय. दूध, पेज सगळं नळीनंच."

ब्रश केला की रक्त येतं. खालची दाढ जिभेनं हलवली तर हलते.


५ नोव्हेंबर

दातांच्या दवाखान्यात गेले. जठारपेठेतच, चौकाच्या पुढे. बाई तरुण आहेत. तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजी, शुगरचा रिपोर्ट आणलाय का?"

म्हटलं, "दातासाठी आली मी. शुगर काहून?"

मग त्यांनी समजावलं. हिरड्यांत पू साठलेला आहे. जंतू दाताशीच बसून राहत नाहीत, रक्तातून फिरतात. हिरडी सुजलेली असली की शुगर उतरत नाही, आणि शुगर चढली की हिरडी बरी होत नाही. एकमेकांना धरून बसलेत. म्हणजे वर्षभर मी गोळ्या बदलून घेत होते, भात सोडला, आणि आग तोंडात.

दाढ काढावी लागेल. आधी सफाई, औषध, मग.

"तोंड फार कोरडं आहे तुमचं. पाणी कमी पिता का? की दिवसभर बोलणंच नसतं?"

हसून सोडलं. पण मग त्यांच्याशीच बोलत बसले. पुढचा पेशंट आलेला नव्हता. न.बद्दल सांगितलं, झटका, नळी, सगळं. त्या हात पुसत होत्या, थांबल्या. "त्यांचं तोंड कोण साफ करतं?"

"ती तोंडानं खातच नाही ना."

"म्हणूनच विचारते."

खाणं नाही म्हणजे लाळ सुकते, जिभेवर थर चढतो, जंतू वाढतात. झटक्याच्या माणसाला गिळता येत नाही, तीच घाण लाळ श्वासाबरोबर छातीत उतरते. निमोनिया होतो. म्हातारी माणसं अशी जातात, म्हणाल्या, आणि घरचे म्हणतात थंडी लागली.

घरी येईपर्यंत ठीक होते. कुलूप काढताना एकदम आठवलं. न.ची प्लेट.


६ नोव्हेंबर

झोप नाही लागली नीट.

वरचे पुढचे चार दात तिचे नाहीत. लुनावरून पडली होती, पंचवटी चौकाच्या अलीकडे. तेव्हा आम्ही चाळिशीच्या आत-बाहेर. अमरावतीत कोणत्याही दातवाल्याकडे जायला तयार नाही. गावभर होईल, बोर्डावरून उचलून बिलिंगमध्ये टाकतील, "दात नाही तर स आणि त कुठून काढू वं?" माझ्याकडे अकोल्याला येऊन आठवडाभर राहिली. प्लेट बसली तेव्हा आरशासमोर उभी राहून "सातारा, सातपुडा, तासगाव" म्हणत बसली होती. मी हसून हसून खाली बसले.

तिच्या मियांना माहीत होतं, ते गेले. बाकी कोणाला नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. मला शपथ घातली होती. झोपतानासुद्धा काढायची नाही. म्हणायची, भूकंप आला, आग लागली, लोक धावत आले तर बिनदाताची काय पळू?

ती प्लेट काढली असेल का कोणी? कोण काढेल? कोणाला माहीतच नाही.

इम्रानला फोन केला. मोटार वायंडिंगचं दुकान त्याचं, फोन स्पीकरवर, मागं ठोकाठोकी. विचारलं, अम्मीचं तोंड कोण धुतं? "डॉक्टरनं तोंडानं कायबी द्यायचं नाई सांगतलं, खाला." म्हटलं, द्यायचं नाही, पुसायचं. "बरं, शाहीनले सांगतो." शाहीन म्हणजे त्याची बायको.

पुढचं सांगणार होते. गिऱ्हाईक बोलत होतं. तिची गोष्ट स्पीकरवर कशी सांगू.


८ नोव्हेंबर

इम्रानचा फोन. ताप चढला, छातीत घरघर, परत भरती केलं. निमोनिया. दवाखान्यात असतानाही एकदा झाला होता म्हणे, मला सांगितलं नव्हतं.

उद्या सकाळची पहिली एसटी.


९ नोव्हेंबर, रविवार

मूर्तिजापूरपर्यंत धुकं. बडनेऱ्याला ऊन आलं. बसमध्ये दाढ ठणकत होती, लवंग धरून बसले.

वॉर्डात सहा पलंग. न. खिडकीशी. मी ओळखलं नाही आधी, दुसऱ्याच बाईकडे चालले होते. वाळलेली. ओठांवर पापुद्रे. जवळ वाकले आणि वास आला. मेलेल्या उंदराचा येतो तसा. हे लिहायला नको, पण तसाच होता.

तिनं मला ओळखलं. डोळे भरले. डावा हात उचलला, मी धरला. गरम होता. तोंडानं नुसतं अं अं. आणि ओठ जरा उघडले तेव्हा दिसले. चार पांढरे, सरळ, एकसारखे. बाजूचे तिचे स्वतःचे पिवळे पडलेले, आणि हे तसेच्या तसे.

शाहीन पलीकडे बसलेली, नाकाला ओढणी. वाईट पोरगी नाही. थकलीय. म्हणाली, "मी पुसाले गेली तर बोट चावते अम्मी. मले लय भेव वाटते."

मी न.च्या कानाशी म्हटलं, "नसीम, ती प्लेट काढावी लागते आता." तिनं ओठ घट्ट मिटले. मान हलवली, नाही. नाही, नाही. तिला बोलता येत नाही पण समजतं सगळं. डोळ्यांनी मला धरून ठेवलं होतं. मी शपथ विसरले नव्हते हे तिला दिसत होतं.

तरी गेले.

इम्रान फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर. त्याला बाजूला घेतलं.

"बेटा, तुया अम्मीचे वरचे चार दात खोटे हायेत. प्लेट हाय. महिनाभर तोंडात तशीच हाय."

तो हसला. खरंच हसला. "काही बी काय, खाला. मी पोरगा हाय तिचा."

"म्हनूनच तुले नाई माहीत."

मग हसू गेलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काही चोरून आणलं. चहा तसाच ठेवून आत गेला.

ड्यूटीवरची डॉक्टर पोरगी चांगली. हातमोजे घालून, टॉर्च धरून बघितलं. प्लेटचे तारेचे आकडे बाजूच्या दातांत रुतलेले. इम्राननं डोकं धरलं, मी हात. न. ओरडली नाही, तिला ओरडताही येत नाही, पण जो आवाज निघाला तो मी आयुष्यात तिच्याकडून ऐकला नव्हता. प्लेट निघाली तेव्हा खाली टाळू लालभडक, त्यावर पांढरा थर, एका जागी फोड. प्लेटच्या आतल्या बाजूला काय काय चिकटलेलं. डॉक्टर म्हणाली, इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? इम्रान भिंतीला टेकून उभा होता.

मी म्हटलं, "झालं वं, झालं आता."

तिनं डाव्या हातानं तोंड झाकलं. मग मान भिंतीकडे फिरवली. मी निघेपर्यंत वळली नाही. जाते म्हटलं, तरी नाही.


१० नोव्हेंबर

काही केलं नाही. कपडे भिजवून ठेवलेत तसेच आहेत.

मी चुकले का? नाही चुकले. पण तिला विचारून केलं नाही. तिनं नाही म्हटलं होतं.


१३ नोव्हेंबर

इम्रान: ताप उतरला. टाळूला लावायचं औषध दिलंय, छातीचं इंजेक्शन चालू. डॉक्टर म्हणे आता सुधारेल.

विचारलं, "माझं काही?" म्हणजे आठवण वगैरे. "तुमचं नाव घेतलं की डोळे मिटून घेते, खाला. थकली असन."

बरं.

दातवाल्या मॅडमकडे जाऊन सगळं विचारून आले. त्यांनी करूनच दाखवलं, स्वतःच्या हातावर. कुशीवर झोपवायचं, डोकं जरा उंच. लहान मुलांचा मऊ ब्रश. पाणी नावालाच, नाहीतर तेच छातीत जाईल. गॉजची पट्टी ओलसर करून गाल, हिरड्या, जीभ, आतून बाहेर पुसत आणायचं. बोट दातांच्या मध्ये नाही घालायचं, गालाच्या बाजूनं. ओठांना व्हॅसलिन. सकाळ-संध्याकाळ रोज. खाल्लं असो नसो.

म्हणाल्या, "आणि तुमचं कोण बघणार? दाढेचं लांबवू नका."


१६ नोव्हेंबर, रविवार

गेले. न.ला घरी आणलंय, वलगाव रोडला. खालच्या खोलीत पलंग.

मी दिसले आणि ओढणी तोंडावर. डाव्या हातानं, घट्ट. "नसीम," म्हटलं. डोळे मिटले.

शाहीनला शिकवलं मग. आधी उशीवर, नंतर माझ्याच तोंडात करून दाखवलं, तिला हसू आलं. ती गेली पलंगाशी. "अम्मी, मुँह खोलो ना." आणि न.नं ओढणी खाली घेतली, तोंड उघडलं. सुनेसमोर उघडलं. शाहीननं केलं सगळं, जीभसुद्धा. गॉजवर किती घाण निघाली. तिनं नाकाला ओढणी लावली नाही.

मी दाराशी उभी. वाटी धरून.

मग मी म्हटलं, थोडं राहिलंय डावीकडे, मी पुसते. जवळ गेले तर तोंड बंद. ओढणी वर.

शाहीन मला म्हणाली, "मनात नका घेऊ, खाला." तिला कळलंय सगळं.


१८ नोव्हेंबर

आज दूधवाल्याशीही नाही. तो पिशवी अडकवून गेला.


२० नोव्हेंबर

दाढ काढली. मॅडमनी विचारलं, "सोबत कोण आहे?" म्हटलं, चालत पाच मिनिटांवर घर आहे. "ते नाही विचारलं." पाऊण तास बसवून ठेवलं त्यांनी, कापूस बदलला, मग सोडलं.

घरी बर्फ. आंबील केली, गार करून प्यायले. गालात बधीरपणा, अर्धं तोंड दुसऱ्याचं असल्यासारखं. न.ला असंच वाटत असेल का उजवीकडे, सारखं?

अशा वेळी संध्याकाळी तिला सांगितलं असतं. तिनं म्हटलं असतं, दाढ गेली तर जाऊ दे वं, अक्कल ठेवून गेली ना?

रिसीव्हर उचलून ठेवला. लँडलाइन कधीचाच बंद आहे, नुसता ठेवलाय टेबलावर.


२३ नोव्हेंबर, रविवार

अमरावती. तेच. शाहीनच्या हातून तोंड उघडते, माझ्यासमोर ओढणी. मी आता खोलीच्या बाहेरच थांबते त्या वेळी. टाळूचं लाल कमी झालंय म्हणाली शाहीन, वास अजिबात नाही.

परत निघताना दारातून मीच बोलत राहिले. बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगा आल्यात, बोर्डावरची कुसुम आठवते का, तिला नात झाली. ती खिडकीकडे पाहत होती. ऐकत असावी. ऐकत होती.


३० नोव्हेंबर

गेले. आले. लिहिण्यासारखं नाही.


६ डिसेंबर

विहारात गेले पांढरी साडी नेसून. सगळे घरचे घरचे घोळका करून. लेकी, सुना, कडेवरची पोरं. माझ्या शेजारी एक बाई, नाव माहीत नाही, म्हणाली, "तुमी एकल्याच येता का दरवर्षी?" म्हटलं, हो. वंदना म्हणताना आवाज नीट निघाला. कितीतरी दिवसांनी इतकं मोठ्यानं, इतक्यांबरोबर.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत भाऊ यायचा मूर्तिजापूरहून. आता त्याचे गुडघे.


१० डिसेंबर

दुपारी दार वाजलं. इम्रान! तांब्याची तार घ्यायला अकोल्याला आलेला. हातात संत्र्यांची पिशवी. पहिल्यांदा या घरी आला, लहानपणी एकदा सोडलं तर.

खिचडी-कढी केली पटकन. जेवला. मग बोटांनी ताटात रेघा ओढत बसला.

"खाला, आणखी काय काय माहीत हाय तुमाले, जे मले नाई?"

काय सांगू. सांगितलं लुनाचं. तेव्हा तू दुसरीत होतास, तुझी आई माझ्याकडे राहिली होती.

तो म्हणाला, "आमाले म्हनली होती, ट्रेनिंगले चालली अकोल्याले."

"मीच सांगतलं होतं तिले, ट्रेनिंग म्हन."

"वापस आली तं मायासाठी ट्रक आनला होता, लाकडाचा. आनि हसत नव्हती. मले वाटलं नाराज हाय मायावर." ताटातली रेघ पुसली. "नवे दात होते म्हनून हसत नव्हती. मी तवापासून..."

उठताना म्हणाला, "मी रागावलो होतो तुमच्यावर. त्या दिवशी. अजून बी थोडा हाय." मग, "तुमी नसता सांगतलं तं गेली असती ती. मोठा डॉक्टर सरळ बोलला मले."

दोन्ही खरं. म्हटलं, संत्री कशाला आणली, मला चावत नाहीत अजून. तो म्हणाला, रस काढा.

तो गेल्यावर ताट तसंच ठेवलं थोडा वेळ. दोन ताटं.


१४ डिसेंबर, रविवार

अमरावती. न. बसते आता उशा लावून. चेहरा भरलाय जरा. आज ओढणी घेतली पण उशिरा, मी दारात उभी राहून झाल्यावर. पुढचे दात नसलेलं तिचं तोंड क्षणभर दिसलं. लहान मुलासारखं. त्या अकोल्याच्या आठवड्यानंतर असं शांत पहिल्यांदाच.


१७ डिसेंबर

रिपोर्ट आला. शुगर खाली आहे. गोळी तीच, हिरडीतून रक्त नाही. मॅडम खूश. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मला आनंद झाला, खरंच. बाहेर आले आणि हे सांगायला कोणी नव्हतं. औषधाच्या दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "असं का, छान," आणि पुढच्याला विचारलं काय पाहिजे.


२१ डिसेंबर, रविवार

नळी काढली! कालच. दाटसर खीर चमच्यानं. एक चमचा, मग थांबायचं, हनुवटी खाली, गिळलं का बघायचं, मग दुसरा. शाहीन भरवत होती, इम्रान मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. माझ्यासाठी काढतोय म्हणाला, मी तर समोरच होते. न.नं पाठ केली नाही. पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

इम्रान म्हणतो, नवी प्लेट करून घेऊ तिला. मॅडमना विचारेन म्हटलं. टाळू पूर्ण बरा होईपर्यंत नाही करणार, आणि केली तरी झोपताना काढून पाण्यात ठेवायची. कोण सांगेल तिला हे?

फिजिओवाला आवाज काढायला शिकवतोय. आ, ई, ऊ.


२८ डिसेंबर, रविवार

गेले नाही. सकाळी उठले, आवरलं, चप्पलसुद्धा घातली. मग बसले खुर्चीत. कोणासाठी जायचं? तोंड शाहीन पुसते. माझ्यापेक्षा चांगलं पुसते आता. ताप नाही, नळी नाही. माझं काम झालं.

संध्याकाळी शाहीनचा फोन. "आज आल्या नाई तुमी? अम्मी दरवाज्याकडे पाहून राहिली होती."

"खरंच?"

"मले तं वाटलं तसं."

वाटलं म्हणाली. पोरीनं मुद्दाम फोन केला असेल माझ्यासाठी. तरी चप्पल घातली होती ते उगाच वाटलं नाही मग.


४ जानेवारी, रविवार

गेले. न.ला जरा खोकला. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, छाती साफ आहे म्हणाले, पण फुप्फुसं कमजोर झालीत, पुन्हा झालं तर सांगता येत नाही. इम्रान मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि तिथूनच परत फिरला.

शाहीनला दिवसातून तीनदा पुसायला सांगितलं. ती म्हणाली, चारदा करते.


१० जानेवारी

खोकला गेला. फोनवर इम्रान म्हणाला, अम्मी एक शब्द बोलते. विचारलं कोणता. "जा." पाणी पाहिजे, जा. पंखा बंद कर, जा. नातीला, इम्रानच्या पोरीला, जवळ घेते आणि म्हणते, जा. डॉक्टर म्हणतात होतं असं, एकच शब्द हाती लागतो आणि माणूस त्यानंच सगळं म्हणतो. काय म्हणायचंय ते ओळखून घ्यायचं.

घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं. जा. दात नसले तरी निघतो.


१८ जानेवारी, रविवार

शाहीन मावसबहिणीच्या निकाहला, पोरीला घेऊन. इम्रान दुकानात. मी पोचले तेव्हा शाहीन निघतच होती. "खीर भरवली हाय. तोंडाचं तुमी पाहा, खाला. गॉज तिथं हाय," आणि गेली. मी म्हणायच्या आत गेली.

खोलीत दोघीच. झटक्यानंतर पहिल्यांदा.

न. उशीला टेकलेली. ओढणी वर. मी काहीच बोलले नाही त्याबद्दल. खुर्ची घेऊन बसले. बसमध्ये एक बाई कोंबडी घेऊन बसली होती आणि कंडक्टरनं कोंबडीचं तिकीट मागितलं, ते सांगितलं. तिच्या ओढणीच्या वरचे डोळे जरा हलले. हसली असेल. नसेल.

मग थोड्या वेळानं म्हटलं, "नसीम, खीर तोंडात राहिली असन. मले पुसू दे. नाई म्हनशील तं नाई पुसत. शाहीन येईपर्यंत थांबू."

यावेळी विचारलं.

वाटीत पाणी घेतलं, गॉज पिळला, बोटाला गुंडाळला. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाहेर कोणी ऊस विकत जात होतं.

तिनं मान वळवली. सरळ माझ्याकडे. ओढणीवरचा हात सैल पडला, ओढणी आपोआप घसरली. वरच्या ओठाची घडी आत गेलेली, मध्ये मोकळी हिरडी, गुलाबी, स्वच्छ. शाहीननं काय निगा ठेवलीय ते पाहिलं आज.

"जा," ती म्हणाली.

स्पष्ट. माझ्याकडे बघून.

मी उठले नाही. जा म्हणताना उघडलेलं तोंड तिनं मिटलं नव्हतं. बोट गालाच्या बाजूनं नेलं. ती चावली नाही. डावीकडे, मग वर, मग जीभ. खिरीतला एक तांदळाचा दाणा निघाला. तिचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. कसलाच वास नव्हता, वेलदोड्याचा थोडासा.

व्हॅसलिन लावलं. ओढणी तिला परत हातात दिली. तिनं ती मांडीवर ठेवली.

"पुढच्या रविवारी येऊ ना वं?"

ती खिडकीकडे पाहत होती. मी पिशवी उचलली तेव्हा म्हणाली,

"जा."

घरी आल्यापासून दोन्ही 'जा' आठवून पाहते आहे. सारखे नव्हते. दुसरा जरा लांबवला होता तिनं. नक्की सांगता येत नाही.